शंभराला एक

उद्यमनगरात माझ्या टेबलामागं खिळ्याला
दोन पट्ट्या लटकतात, मीटरच्या, पोलादी,
दिसायला जुळ्या.
एक सगळ्या जगाची.
दुसरी आम्हा पॅटर्नवाल्यांची.
तिचा मिलिमीटर जरासा लांब, शंभराला एक.
बीड ओतलं की निवताना आकसतं,
म्हणून लाकूड आधीच तेवढं मोठं कापायचं.

पिराजी मिस्त्रींनी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं,
आणि चहा कुठनं आणायचा ते.
"रस आकसणारच लेका. त्येच्यावर चिडून
कुणाचं पोट भरलंय?"

बत्तीस वर्षं झाली.
बिडावर मी एकदाही रुसलो नाही.
पितळ जास्त आकसतं, ॲल्युमिनियमची तऱ्हा निराळी,
ज्याचा त्याचा हिशेब भिंतीवर खडूनं लिहिलाय
आणि त्याबद्दल माझं काही मत नाही.

मतं सगळी घरी.
मेव्हण्यानं आहेर केला, तो हलका.
घोरपड्यांनी गाडी लावली, ती अर्धा हात आमच्या दारात.
शालननं रस्सा वाढला, मी म्हणालो, "मीठ?"
एवढंच.
तिनं वाटी उचलली
आणि दिवे लागेपर्यंत बोलली नाही.

काल प्रज्योतचा फोन, पुण्याहून.
टेंबलाईच्या जत्रेला येतो म्हणाला होता,
आता रजा नाही.
"बरं," म्हणालो.
ते बरं तुम्ही ऐकायला पाहिजे होतं.
रंधा न फिरवलेली फळी.
कुसळ गेलं असणार त्याच्या हातात,
फोन ठेवताना आवाज तसाच आला.

भट्टीवर दस्तगीर रोज ओरडत असतो,
गरम साचा फोडू नका रे, रात्रभर निवू दे.
घाईनं तडा जातो, वरून दिसत नाही,
गिऱ्हाइकाच्या मशीनवर कळतो.
मी निवू दिलं नाही.
लगेच शालनला सांगून टाकलं
तुझा मुलगा कसा आहे ते.
(माझा तो फक्त निकालाच्या दिवशी.)

ती भाजी निवडत होती. म्हणाली,
"उद्या रंगारी यायचाय.
चौकटीवरच्या रेघांचं काय करायचं, तेवढं बघा."

स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या बारा रेघा,
दर वाढदिवसाला एक.
सगळ्यात वरच्या रेघेपाशी माझं अक्षर: १६०.
त्या दिवशी मी म्हणालो होतो,
"तालमीत गेला असतास तर वाढला असतास."
तो हसला होता, बहुतेक.

आकडे वहीत उतरवावेत म्हणून टेप लावली.
एकशे एकसष्ट. वर सहा मिलिमीटर.
टेप पुन्हा लावली, भुईला नीट टेकवून.
खालच्या रेघेवर आलो. लिहिलंय १३०,
भरतात एकशे एकतीस, वर तीन.

तेव्हा मी काम घरी आणायचो.
पट्टी हाताशी असायची, जी असेल ती.

उभाच राहिलो चौकटीत.
शालन म्हणाली, आत या नाहीतर बाहेर जा.
बारा वर्षं पोराला मी
कामाच्या पट्टीनं मोजत आलो,
आकसणार हे आधीच धरून.

रात्री फोन लावला.
"प्रज्योत, तू सोळा मिलिमीटर उंच आहेस."
"काय?"
"सोळा. माझी पट्टी चुकली."
तो जरा वेळ गप्प.
मागं कुठंतरी लिफ्टचं दार वाजलं.
"पप्पा, बरं आहे ना सगळं?"
"बरं आहे," म्हणालो. "जेवलास काय?"

रंगाऱ्याला सांगितलंय, तेवढी चौकट सोड.
तो म्हणतो, भिंत नवी आणि चौकट जुनी, वाईट दिसंल.
दिसू दे.

आज रस्सा पुन्हा अळणी.
शालन भाकरी थापता थापता माझ्याकडं बघत होती.
जीभ दातांपर्यंत आलीच होती,
तेवढ्यात उठलो
आणि मिठाची बरणी फळीवर कुठं असते
ते पहिल्यांदा शोधलं.