चौदा नंबर

चौदा नंबरचा अलाइनर टिझोनने चावला.
रात्री बशीत काढून ठेवला होता, डबी शोधायचा आळस;
सकाळी बशी जागच्या जागी
आणि टिझोन पलंगाखाली, कान पाडून,
पुढच्या दोन पंजांत माझा वरचा जबडा.

धुतला. खिडकीत धरला.
सुळ्यापासून मागे केसाएवढी चीर,
दाढेकडचा तुकडा गायब.
तरी घालून पाहिला.
जीभ सारखी तिकडेच;
जिभेला नको म्हटलेलं कधी कळलंय?
नखांच्या कानशीने कड घासली, मेण लावलं,
दुपारपर्यंत गाल सोलून निघाला.

डॉक्टर ओवान्दो सामुद्रधुनीपलीकडे, पुन्ता अरेनासला.
फोनवर त्यांची मदतनीस म्हणाली,
तुटका घालू नकोस, दानित्सा.
नवा सांतियागोहून यायला तीन आठवडे.
तोवर पंधरा घालून बघ, बसला तर पुढे जा.
नाहीच बसला तर मागे, तेरावर.
तेरा टाकला नाहीस ना?

मी काहीच टाकत नाही.
एक ते तेरा बिस्किटांच्या डब्यात आहेत,
हलवला की खुळखुळतात.
सत्तेचाळीसाव्या वर्षी हे कशाला, मावशी विचारायची.
फोटोत ओठ मिटून हसायचा कंटाळा आला होता, बस.

फट आईकडून आली.
पुढच्या दोन दातांमध्ये नाणं उभं राहील एवढी.
तिच्यातून आई शीळ घालायची
आणि टेकडीपलीकडची मेंढरं माना वर करायची.
मीही घालायचे. टिझोन यायचा, वाऱ्याला न जुमानता.
सात नंबरनंतर शीळ पातळ झाली.
दहानंतर नुसती हवा.
टिझोन फाटकापाशी थांबून बघत राहायचा,
नाव विसरलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा.

म्हणजे त्याने चावला तो…
नाही. कुत्र्याला प्लास्टिक आवडतं, एवढंच.

संध्याकाळी सहाला पोर्वेनिर रेडिओवर मी असते.
वारा ताशी पंच्याण्णव किलोमीटर.
बंदर बंद. उद्याची बोट रद्द.
उद्या त्याच बोटीने जाऊन चीर दाखवायची होती;
माझ्याच आवाजात मीच तिच्यावर पाणी सोडलं.
तोंड रिकामं होतं.
सहा महिने प्रत्येक ‘स’ला चिकटलेला ओलसरपणा
आज नव्हता.
दिवा मालवताना फोन वाजला,
दूरच्या मेंढवाड्यावरून म्हातारे एलेउतेरियो:
आज स्वच्छ ऐकू आलं. अँटेना दुरुस्त केलीत का?
हो म्हटलं.

रात्री आरशासमोर पंधराची पिशवी फाडली.
डावीकडे बसला, उजवीकडे चढेना.
दोन्ही अंगठ्यांनी दाबला,
डोळ्यांत पाणी, हिरड्यांत ठणका,
मग कट्.
आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार?

लगेच काढला.
ओठ आवळून शीळ घालून पाहिली.
हवाच.
पण पलंगाखाली शेपटी
लाकडी जमिनीवर दोनदा आपटली.

पंधरा परत घातला.
डबी शोधली, कपाटावर ठेवली, अगदी मागे,
जिथे माझाही हात खुर्चीशिवाय पोचत नाही.