मागच्या सीटखाली

ओशावाहून निघालो तेव्हा मला सातवा लागला होता.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दर दोन तासांनी उतरून चाला.
त्यामुळे तो प्रवास मला आठवतो तो पेट्रोलपंपांनी:
क्वेबेकमधला, जिथे एक लंगडं कुत्रं
माझ्याबरोबर दहा फेऱ्या चाललं,
आणि न्यू ब्रन्सविकमधला, जिथे हेडलीने
डिझेलचा पाइप उचलला, पाहिला, गुपचूप परत ठेवला.
ॲम्ब्रोज सहाचा. पोटातल्याला तो 'पॅसेंजर' म्हणे.
पॅसेंजरला गाणं लावा. पॅसेंजरला शू लागली.
(शू मला लागलेली असे.)

बोटीवर सात तास.
इंजिनाची घरघर बाकातून पाठीत, पाठीतून आत,
आणि दिवसभर लाथा मारणारं ते
एकदम गप्प,
जसं परक्या गावात कुणी आपल्या बोलीत बोलावं.
हेडली डेकवर उभा होता, धुक्याकडे तोंड करून.
मी विचारलं नाही.
चार वर्षं तो आणि लिअँडर एकमेकांशी बोललेले नव्हते.
वडिलांची होडी विकली गेली,
कुणी विकली, केवढ्याला,
आणि ते दुसऱ्याला फोनवर का कळावं,
एवढंच भांडण. एवढंच म्हणजे सगळंच.

व्हर्ना आत्याच्या घरी एकोणतीस माणसं, संडास एक.
अल्बर्टाहून आलेले, तेलाच्या खाणीतले, दंड भाजलेले;
हॅलिफॅक्सची जुळी; एक नवा जावई,
ज्याला कुणीच नावाने हाक मारत नव्हतं.
सगळ्यांनी माझ्या पोटाकडे पाहून कौल दिला:
टोकदार आहे, मुलगा. रुंद आहे, मुलगी.
आत्या म्हणाली, भूक लागलेली आहे, सरका,
आणि डुकराच्या चरबीत तळलेल्या पिठाच्या चकत्या
काकवी ओतून माझ्यापुढे ठेवल्या.
मला डोहाळे लागले होते कशाचे, ते मला तेव्हा कळलं.
सात खाल्ल्या. आठवी जावयाला दिली.

चौथ्या रात्री रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "आले!"
आणि एकोणतीस माणसं चपला शोधायला लागली.

कॅपलिन. बोटभर मासा, हिरवट पाठीचा.
लाट येई ती पाण्याची नसे, माशांची असे,
वाळूवर पसरे, तडफडे, अंडी टाके.
मला घडीच्या खुर्चीवर बसवून पायांवर घोंगडी टाकली होती.
पलीकडे काळोखात देवमासा श्वास सोडत होता,
म्हाताऱ्याने चहा फुंकून प्यावा तसा.
"हे परत कसे जाणार?" ॲम्ब्रोजने विचारलं.
"काही जातात," आत्या म्हणाली.
मी घोंगडी वर ओढून घेतली. थंडी नव्हती.

टब भरला. निळा, कपडे धुवायचा, काठोकाठ.
एका कडीला हेडलीचा हात गेला,
दुसऱ्या कडीला कुणाचा, ते अंधारात दिसलं नाही,
पण खोकला लिअँडरचा होता.
"जड आहे."
"धरलंय मी."
दगडांवरून चढत गेले दोघं, पाणी सांडत,
एकाची पावलं दुसऱ्याला जुळत नव्हती
तरी टब आडवा झाला नाही.
बास. मिठी वगैरे काही नाही.
सकाळी दोघं पायरीवर बसून मासे मिठात घालत होते
आणि मिठावरून वाद घालत होते.

परतताना, बोट उतरल्यावर दुसऱ्या दिवशी,
गाडीत वास सुटला.
मला वाटलं, माझंच नाक; या महिन्यांत नाक कुत्र्याचं होतं.
मग हेडलीने गाडी बाजूला घेतली,
मॅट उचलले, डबे उघडून पाहिले,
आणि मागच्या सीटखालून निघाला ॲम्ब्रोजचा मोजा,
आत तीन कॅपलिन, शेपट्या नीट एका बाजूला.
"पॅसेंजरचे आहेत," तो रडवेला झाला.
"इतक्या लांबून येणार. आल्या आल्या भूक लागेल ना."

हेडलीने मोजा काठीवर धरून फोटो काढला,
कुणाला तरी पाठवला.
मी विचारलं नाही.
मिनिटभराने फोन वाजला, त्याने वाचलं,
आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून इतका हसला
की माझ्या पोटातूनही कुणीतरी दोनदा ठोकलं.

घरापर्यंत सगळ्या काचा खाली होत्या.
सप्टेंबर आला तरी
त्या सीटवर बसलं की समुद्र येई.