वाळू दिसायला हवी

सोनोग्राफीचं मशीन रात्री कुलपात असतं.
कायदाच तसा. वर कानडीत पाटी,
खाली कुणीतरी पेनानं मराठीत लिहिलेलं,
इथे मुलगा की मुलगी सांगत नाहीत.
किल्ली अंगडी सिस्टरच्या कमरेला,
एक चाक कुरकुरतं,
आणि पावणेतीनला आम्ही दोघी ते ढकलत
चार नंबरच्या खाटेकडे पळतोय.

कल्लाप्पा मुतगेकर. अठ्ठावन्न.
उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मोल्डर, एकतीस वर्षं.
काळी वाळू चाळायची, साच्यात ठोकून बसवायची,
पंपाचं पोट, मोटारीचं झाकण
आधी वाळूत, मग लोखंडात.
कफ काळा पडला की म्हणे गूळ खायचा.
आत्ता व्हेंटिलेटर कोकलतोय,
ऑक्सिजन ब्याऐंशी, एकोणऐंशी, एकाहत्तर.
एक्स-रेवाला अनगोळहून "निघालोय" म्हणतो,
म्हणजे अजून चप्पल शोधतोय.

जेल गार असतं. तळव्यात चोळून घेते,
बेशुद्ध माणसालाही दचकवू नये.
उजवी बाजू आधी.
दोन बरगड्यांच्या दोन सावल्या,
मधे फुप्फुसाची पांढरी रेघ,
पंख पसरून समोरून येणारं वटवाघूळ.
रेघ लकाकते, मागेपुढे घसरते,
ओल्या फरशीवर ओलं फडकं.
एम-मोड दाबला:
वर आडव्या लाटा, खाली बारीक वाळू.
पुस्तकं याला समुद्रकिनारा म्हणतात.
बेळगावकराला समुद्र चोर्ल्याचा घाट उतरल्यावर,
पण पडद्यावर किनारा दिसला
की फुप्फुस छातीला घासून हलतंय, एवढंच.

डावी बाजू.
रेघ आहे. हलत नाही.
खाली वाळू नाही.
नुसत्या आडव्या रेघा, वरपासून तळापर्यंत,
साबणाच्या वडीवर असतात तशा,
किंमत वाचायच्या.
हवा कोंडलीय, फुप्फुसाला दाबून बसलीय.
"सिस्टर, सुई. जाड."
"तगोळ्री," ती म्हणाली. आधीच हातात होती.

फुस्स.
पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानात येतो तसला आवाज,
काही थोर नाही.
"उसिरु बंतु," सिस्टर पुटपुटली, श्वास आला.
मग नळी, टाके, बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे,
एकाहत्तर, शहात्तर, चौऱ्याऐंशी,
दम धरा, दम धरा,
कुणाला म्हणत होते कुणास ठाऊक.

प्रोब पुन्हा टेकवला, काखेकडून पुढे सरकवत.
एका जागी पडदा दुभागला,
अर्ध्यात वाळू, अर्ध्यात त्या किमतीच्या रेघा,
आणि मधली हद्द श्वासागणिक सरकणारी.
सीमाभागातच वाढले मी,
बाबांनी मोर्चात खाल्लेली लाठी अजून थंडीत ठणकते.
हद्द अशी बोटाखाली हलताना
पहिल्यांदाच पाहिली.

दाराशी यल्लूबाई.
"काय दिसालंय हो त्यात?"
"वाळू," म्हटलं, "वाळू दिसायला लागली."
"ती असणारच की.
बनियन धुतलं तरी बालदीच्या तळाशी बसायची."
मी सांगायला गेले, ही ती नव्हे.
शब्द सापडेना, दोन्ही भाषांत.
उभी राहिले तशीच, हातावर जेल वाळत.

आणि खाली, पाठीकडच्या भागात,
अजून पांढरी शेपटं उतरतायत धूमकेतूंची.
पाणी आहे, जुने व्रण आहेत.
उद्याचं मशीन सांगत नाही,
मीही सांगितलं नाही.

पाच वाजता कुलूप.
नोंदवहीत छापील रकाना एकच:
गरोदर बाईचं नाव.
सिस्टरनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे,
मग तिनं गोल गोल कानडीत लिहिलं
कल्लाप्पा मुतगेकर,
आणि तपासणीच्या कारणापुढे,
जरा थांबून,
उसिरु.