चार मिनिटं

इंगवाल्डला मी सांगितलं नव्हतं.
जुनं यंत्र नोव्हेंबर सरता सरताच गेलं.
बावीस वर्षं भरती-ओहोटी मोजून
एका पहाटे करकरलं, आणि गप्प.
पहाट घड्याळातली. वार्दोत त्या दिवसांत
सूर्याचा त्याच्याशी संबंध नसतो.

डिस्क उतरवून घेतली सेक्टर सेक्टर करत,
कुजलेले तीन-तीनदा वाचून,
आणि उरली एक फाइल. चार गीगाबाइट.
विंचवाचं बिऱ्हाड:
तिच्यातच कर्नल, तिच्यातच रूटचा पासवर्ड,
इंगवाल्डच्या स्क्रिप्ट
आणि स्क्रिप्टच्या कडेला हवामान खात्याला घातलेल्या शिव्या.

नव्या सर्व्हरच्या पोटात एक खोली आखली.
एक प्रोसेसर, टिचभर मेमरी,
खोटं नेटवर्क कार्ड, खोटी डिस्क.
म्हटलं, बाबा, दिल्या घरी सुखी राहा.
पहिल्यांदा पॅनिक. दुसऱ्यांदाही.
डिस्कचं नाव बदललेलं,
आणि तो जुन्याच दारावर थापा मारत होता.
एक अक्षर बदललं, तेव्हा कुठे
लॉगिनचा प्रॉम्प्ट उमटला, काही झालंच नाही असा.

रोज रात्री बॅकअपसाठी त्याला गोठवते, काही सेकंद.
अर्ध्या वाक्यात थांबतो,
त्याच अर्ध्यातून पुढे बोलू लागतो.
तेवढा वेळ त्याच्या आयुष्यात नसतोच.

गुरुवारी इंगवाल्ड येतो,
कागदात सुका मासा घेऊन.
पडदा तोच ठेवलाय मी, कीबोर्ड तोच,
ई झिजलेला.
दोन कमांड दिल्या आणि कान टवकारले.
"डिस्क वाजत नाही."
मी कॉफी ओतत राहिले.

मग बूटचे संदेश उघडले त्याने,
चष्मा कपाळावर ढकलून,
बोटीवर काय चढलं त्याची यादी तपासावी तसे.
"हे कार्ड आपण कधी घेतलं नव्हतं."
"नाही."
"ही डिस्कसुद्धा."
"नाही."
"मग हा आहे कुठे?"
मी भिंतीकडे बोट केलं. पलीकडे पंखे घुमत होते,
अकरा पाहुणे, एकाला दुसऱ्याची खबर नाही.
"याला ठाऊक आहे?"
"जे दाखवतो त्यावर विश्वास ठेवतो."
तो हसला, दात नसलेल्या बाजूने.
"मीही पस्तीस वर्षं गेजच्या आकड्यावर ठेवला.
समुद्र बघायला कोण जात होतं!"

मग तारीख विचारली त्याने. पाहुणा चार मिनिटं मागे.
मी कीबोर्डकडे हात नेला,
तोवर यानं मनगटावरचं घड्याळ सोडलं होतं,
चावी ओढून काटा मागे फिरवला,
पडद्याशी जुळेपर्यंत.

दक्षिणेची बोट भोंगा देत धक्क्याला लागली.
त्यानं मनगट पाहिलं.
"आज लवकर," म्हणाला, आणि टोपी उचलली.

तो जिना उतरेपर्यंत थांबले.
मग वेळ लावली.
ओहोटीच्या नोंदीत चार मिनिटं खपत नाहीत.