एका ठिपक्यामागे चार

कुहमोत जानेवारीत दुपारी तीनलाच दिवा लावावा लागतो.
मॉनिटर त्याआधीपासून चालू असतो.
लायब्ररीने मोडीत काढलेला, मी वीस युरोला उचलला,
रुंदीला एकोणीसशे वीस ठिपके, उंचीला एक हजार ऐंशी,
त्यातला एक, उजवीकडे वर, कायमचा मेलेला.

गेमही जुनाच.
ओसाड पठार, एक घोडा, आणि क्षितिजापर्यंत विजेचे खांब.
खांब ठीक होते. तारांचं काही खरं नव्हतं.
जवळ असेपर्यंत तारा,
लांब गेल्या की करवतीचे दाते,
त्याहून लांब नुसता तुटक तुटक मोर्स,
आणि घोडा चालायला लागला
की सगळी ओळ मुंग्या चढल्यासारखी वळवळायची.

बाबा मागे खुर्चीत, कॉफी घेऊन.
एकतीस वर्षं याच जंगलात लाइनमन.
खेळ त्यांना कळत नाही, घोड्याशी देणंघेणं नाही.
"साइमी," ते म्हणाले, "तुझी लाइन तुटलीय."

मग मी सेटिंगमध्ये गेले
आणि मॉनिटरला झेपत नाही ते मागितलं:
रुंदी दुप्पट, उंची दुप्पट,
दिसणाऱ्या प्रत्येक ठिपक्यामागे चार मोजायचे,
चौघांचा रंग एकत्र कालवून
पुन्हा एकाच्याच जागेत बसवायचा.

कार्ड क्षणभर गप्प. मग पंखा असा किंचाळला
की मांजर खिडकीतून उठून गेलं,
आणि पाच मिनिटांनी
गरम हवेच्या झोताशी येऊन पसरलं.
सेकंदाला साठ चित्रं होती, बावीसवर आली.
कोपऱ्यातली अक्षरं खसखशीएवढी झाली:
घोड्याला तहान किती, गोळ्या उरल्या किती, वाचता येईना.
खालच्या मजल्यावरचा ओस्मो म्हणतो, हा शुद्ध वेडेपणा,
जे दिसणारच नाही ते काढायचं कशाला?
माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण तार आता तार होती.
खांबाकडून खांबाकडे, मध्ये पोटात जरा सैल,
पठाराच्या पार टोकापर्यंत
राखाडी, केसासारखी, अखंड.
तिथे ती एक ठिपकाभरही रुंद नव्हती,
पाव असेल.
तो पावसुद्धा हिशोबात धरला गेला,
म्हणून ती फिकी झाली, तुटली नाही.

बाबा उठले. चष्मा कपाळावर ढकलून
काचेला नाक लागेल इतके जवळ गेले.
एकेक खांब बोटाने मोजला.
मला वाटलं, छान म्हणतील.
"थंडीत तार इतकी सैल नसते," म्हणाले, "आखडते.
तुझ्या त्या मुलखात उन्हाळा आहे का?"
हो म्हटलं, तिथे कायमच उन्हाळा.
"मग बरोबर आहे. आता करंट जाईल."

आणि बसल्यावर, न विचारता,
एका वादळी रात्रीचं सांगितलं. चौघं गेले होते.
कमरेएवढा बर्फ.
विल्योचा हातमोजा पक्कडीला गोठून चिकटलेला,
सुलो सगळा वेळ प्रार्थना म्हणत होता,
हन्नेस सगळा वेळ शिव्या.
वहीत ओळ एकच: लाइन चालू, तीन चाळीस.
"गावात दिवे आले. तेवढंच दिसायचं असतं."
चौथा काय करत होता ते त्यांनी सांगितलं नाही.
कप विसळून पालथा घातला.

ते झोपायला गेल्यावर
मी घोडा हळूच वळवला,
एक तार बरोब्बर त्या मेलेल्या ठिपक्यावरून नेली.
तिथेही कार्ड चार ठिपके मोजतं,
सरासरी काढतं, रंग ठरवून पाठवतं,
सेकंदाला बावीस वेळा, न चुकता.
तिथे काळंच दिसतं.
पलीकडून तार पुन्हा सुरू होते.