दार उघडावे

तासगावच्या कचेरीसमोर वड होता, तो रस्त्यात गेला.
आता झेरॉक्सवाल्याच्या पत्र्याखाली माझं टंकयंत्र.
पानाला चाळीस रुपये.
‘ण’ची दांडी फिकी उमटते, त्यामुळं ‘कारण’
नेहमी थोडं अपुरं दिसतं. गिऱ्हाईक चालवून घेतं.

शाहीन शिकलगार आली, दहावीतली,
चार घड्या घातलेला कागद घेऊन.
त्यात ‘अन्याय’ तीनदा, ‘घोर’ दोनदा,
खाली सतरा सह्या.
म्हटलं, बाई, हा राग झाला. अर्ज कुठाय?
पाहिजे काय ते एका ओळीत सांग.
थांबली जरा. म्हणाली,
सातची गाडी आमच्या फाट्यावर थांबू दे.

का?
कारण थांबत नाही.
हे कारण नव्हे, म्हटलं,
तेच वाक्य उलटं उभं केलंयस.

मग दप्तरातनं वही निघाली.
अकरा दिवस फाट्यावर उभं राहून लिहिलेली:
तारीख, वेळ, गाडीचा नंबर,
ड्रायव्हरनं हात कसा हलवला,
कुणाचा पहिला तास बुडाला.
नववीतल्या दोघींनी शाळा सोडली
त्या तारखेपुढं नुसती रेघ.
ती रेघ टाईप कशी करायची, बघत बसलो.

म्हटलं, आता तू आगारप्रमुख हो. नाही म्हण.
चिडली. त्यांचं मी कशाला लिहू?
मग स्वतःशीच म्हणाली,
अब्बा विळा पालथा करूनही घासतात,
नाहीतर धार एका अंगाला वळते.

आणि आवाज जाड करून:
फाट्याफाट्याला थांबलो तर पोचायचं कधी?
डिझेल तुझा बाप देणार?
बरोबर आहे की, मी म्हटलं.
बरोबरच आहे, म्हणाली, आणि नख कुरतडत राहिली
समोरचा बेदाण्याचा टेम्पो भरून निघून जाईतोवर.

मग: काका, ‘थांबा मिळावा’ खोडा.
फाट्याअलीकडं गतिरोधक आहे.
गाडी तिथं तशीही मरगळते.
आम्ही म्हणतोय, तेवढ्यात फक्त दार उघडावे.

‘घोर’ दोन्ही तिनंच काढले.
‘अन्याय’ एक ठेवला, शेवटी.
मी वीसच घेतले.

आगारात काय झालं ठाऊक नाही.
कार्बन प्रत माझ्या खणात आहे.

रात्री जेवताना मुलगा म्हणाला,
आता ते मशीन विका, कॉम्प्युटर घेऊ.
नाही, म्हटलं.
का?
एकतीस वर्षं लोकांची कारणं टाईप केलीत मी.
म्हटलं, कारण

आणि आमटी निवत गेली.