बोटभर जागा

भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या बोळात
आमचं दुकान. पाटीवर अजून
'पांचाळ फर्निचर. दारे-खिडक्या मापाप्रमाणे.'
आत फळीवर अकरा मडकी.

सुरुवात एका कपाटापासून झाली.
एरंडवण्यात सोवनीबाईंकडे काचेचं कपाट बसवायला
अण्णा गेले होते. बाई म्हणाल्या,
या भांड्याच्या मापाचा एक कप्पा हवाय.
भांडं न्यू मेक्सिकोचं, झुनी लोकांचं,
बाईंनी विमानात मांडीवर धरून आणलेलं.
अण्णांनी कानामागची पेन्सिल काढली, टेप काढला
आणि माप घ्यायचं विसरून
बसले.

भांड्यावर हरण होतं.
त्याच्या तोंडातून निघालेली तांबडी रेघ
थेट काळजापर्यंत, टोकाला बाण.
'सागाचा ओंडका वाळताना,' रात्री ते मला म्हणाले,
'अशीच भेग जाते. सालीपासून गाभ्यापर्यंत.
आपण तिला खराबी म्हणतो.
भुसा आणि सरस कालवून बुजवतो.'
मग बराच वेळ ताटातल्या भाताकडे बघत राहिले.

माती मी आणते, मुंढव्याच्या कुंभारवाड्यातून,
स्कूटीवर पायाशी पोतं ठेवून.
वहीत कुठल्या खात्याला घालायची कळेना,
म्हणून फेविकॉलखाली लिहिते.
चाक त्यांनी घेतलं नाही. तिकडे घेत नाहीत म्हणे.
वळीवर वळी, बोटानं दाबत, गारगोटीनं घासत.
ज्या हातानं चाळीस वर्षं फक्त कापलं, तासलं, कमी केलं,
त्या हाताला वाढवत जाणं जमेना.
कुंचला घायपाताच्या पानाचा, दातांनी चावून काढलेला.
दाढ दुखते म्हणून परवा भाकरी टाकली ताटात,
पान चावताना बरी नाही दुखत, आई म्हणाली.

पहिली चार फुटली.
मांजरीजवळच्या मेंढवाड्यातल्या लेंड्या, वर आमचाच भुसा,
असली भट्टी. सगुणाबाई कुंभारीण मुद्दाम बघायला आली.
'सुताराचं मडकं,' तुकडे उचलत म्हणाली,
'गुण्या लावून बघा, काटकोनात फुटलंय.'
जाताना सांगून गेली, हे तुकडे फेकू नका,
कुटून पुढच्या मातीत घाला.
सोवनीबाईंच्या पुस्तकातही तेच लिहिलेलं निघालं.

हरण मात्र अण्णांनी कधी काढलं नाही.
मी म्हटलं, काढा, लोक घेतील.
'ते त्यांच्या रानातलं,' म्हणाले,
'त्याच्या काळजाची वाट त्यांना ठाऊक.
मला लाकडाची थोडीफार.'
म्हणून ते ओंडक्याचं कापलेलं तोंड काढतात.
सागाची वर्षं, बाभळीची वर्षं,
एका शिसवाची, मध्येच दाट झालेली, पाऊस नसलेली.
आणि कावेची एक भेग
कडेकडून आत, गाभ्यात.

गळ्याशी काळी रेघ असते.
ती फिरून येते
आणि सुरुवातीला भेटायच्या आधी थांबते.
बोटभर जागा.
सोवनीबाईंच्या भांड्यावर तशी होती. का,
ते बाईंनाही नीट सांगता आलं नाही.

हेच अण्णा. सहकारनगरच्या एका स्वयंपाकघरात
सांध्यात दोरा जातोय म्हणून
बसवलेलं अख्खं कपाट उतरवलं होतं,
पदरचे पैसे घालून. मालक नको नको म्हणत होता.

रविवारी एक गृहस्थ आले. मडकं उचललं,
फिरवलं, चष्मा वर केला.
'इथे रेघ राहिलीय.'
'राहू दे,' अण्णा म्हणाले. 'आत कुणी असलं तर?'
गृहस्थांनी आत डोकावून पाहिलं.
मग शंभर रुपये कमी करायला सांगितले.
अण्णांनी केले.